काचेआडचे बोलणे

शनिवारी दुपारी आत्याने जे पाहिले ते रविवारच्या जेवणापर्यंत तिने कुणालाही सांगितले नाही. गप्प राहणे तिला जड गेले नाही. जड गेले ते ठाऊक असणे.

कापडगिरणीच्या मागखात्यात माणसाचा आवाज माणसाच्या कानापर्यंत पोचत नाही. तिथे शेजारणीला हाक मारणे म्हणजे पुरात चूळ टाकण्यासारखे आहे. म्हणून तिथल्या बायका आवाज न काढता, प्रत्येक अक्षर तोंडभर घडवून बोलतात आणि एकमेकींचे ओठ वाचतात. या बोलण्याला त्या ओठबोली म्हणतात. ती गोंगाटातून जन्मली असे सांगण्याची पद्धत आहे. ते अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे असे की आत्याच्या आजीच्या काळी कामावर बोलताना सापडल्यास दंड होई, आणि ज्या बोलण्याला आवाजच नाही ते पकडायचे कसे हे कोणत्याही मुकादमाला कधी उमगले नाही. या गिरणीतला पहिला संप एकही शब्द न उच्चारता झाला. एका बाईने ओठ हलवले, पलीकडच्या रांगेने ते वाचून पुढच्या रांगेला दिले, आणि मुकादमाने मान वर करीपर्यंत सगळे माग उभे राहिले होते. त्यानंतर मालकांनी मागखात्याच्या माथ्यावर सज्जा बांधला आणि त्यावर काचेची खोली उभारली, वरून खालचे सर्व काही दिसावे म्हणून. काच खालूनही काचच असते, हा विचार बांधणाऱ्यांच्या मनात आला नव्हता.

तथापि त्या खोलीतून आजवर फारसे काही खाली उतरले नव्हते. कचेरीतली माणसे ओठ न उघडता पुटपुटतात. सध्याच्या व्यवस्थापकांना तर अशी भरघोस मिशी होती की खाली त्यांचे नावच 'मिशी' पडले होते. त्यांच्या तोंडातून कधी काही बाहेर पडते की नाही याविषयी बायकांत मतभेद होते.

शनिवारी वाटाघाटींच्या मध्येच कामगारांच्या प्रतिनिधींना बाहेर बसवण्यात आले. जेवणाची सुटी होती. बायका अंगणात गेल्या होत्या. ताण्यातला तुटलेला धागा गाठवीत आत्या तेवढी सज्ज्याखाली राहिली. तिने सहज वर पाहिले. मिशी पाठमोरी बसली होती, आणि तिच्यासमोर, काचेकडे तोंड करून, कामगार-अधिकारी म्हणून दोन वर्षांपूर्वी व्यवस्थापनात रुजू झालेली आत्याची पुतणी उभी होती. पुतणी भांडत होती. आणि ती भांडत होती तशी, जशी या घरातली प्रत्येक बाई भांडते: प्रत्येक अक्षर तोंडभर घडवून. कचेरीत जन्मलेल्या माणसाच्या हातून ही चूक झाली नसती.

"तुम्हीच म्हणालात, ते शेवटपर्यंत अडून बसले तर खोली ठेवायची. मग आजच का सांगत नाही? कशासाठी त्यांना रडवायचं?" मग बराच वेळ पाठमोरे डोके हलत राहिले. मग पुन्हा पुतणी: "त्या बायकांचे कान आपल्याच मागांनी खाल्ले, साहेब. माझी आजी त्या खोलीत बसायची. मी शिकले ती तिथल्या पगारावर."

आत्याने मान खाली घातली आणि धागा गाठवला. गाठ सैल बसली. तिला ती पुन्हा मारावी लागली.

*

खोली म्हणजे रफूखाते. मागावर आयुष्य काढलेल्या बाईचे कान गेले की पूर्वी तिला घरी पाठवीत. मागच्या पिढीच्या लांबलेल्या संपात, जेव्हा घराघरांतली भांडीसुद्धा विकली गेली, तेव्हा झालेल्या करारात एक कलम आले: कान गेलेल्या बाईला कापड तपासण्याचे आणि त्यातले तुटके धागे सुईने भरण्याचे काम मिळेल, आणि तिच्या इच्छेविरुद्ध तिला काढता येणार नाही. आत्याची आई त्या खोलीत गेलेल्या पहिल्या बायकांपैकी होती. आता कापडातले दोष हेरणारे यंत्र येणार होते, आणि व्यवस्थापनाला ती खोली बंद करायची होती. आत्याच्या डाव्या कानाला हल्ली दारावरची थाप ऐकू येत नसे. हे तिने अजून कुणाला सांगितले नव्हते, पण पुढच्या वर्षी ती कुठे बसणार हे तिला माहीत होते. निदान शनिवारपर्यंत माहीत आहे असे वाटत होते.

रविवारी सगळे धाकट्या भावाकडे जमले. धाकटा गिरणीत माग दुरुस्त करी. पुतणी त्याची एकुलती एक. थोरला भाऊ, म्हणजे पुतणीचे काका, कामगार संघटनेचे सचिव. पुतणीने व्यवस्थापनाची नोकरी धरल्यापासून ते तिच्याशी बोलत नसत आणि तिला घरी बोलावीत नसत. या घरी येत, ते भाऊ आहे म्हणून, आणि ती ताटावर असली तर तिच्याविषयी बोलत, तिच्याशी नव्हे.

"काचवाल्यांना मीठ हवं असेल तर द्या," काका भावाला म्हणाले.

"मीठ माझ्याजवळच आहे, काका," पुतणी म्हणाली.

"असणारच. सगळं त्यांच्याचजवळ असतं."

"दादा, जेवू दे तिला," धाकटा म्हणाला.

"मी कुठे अडवलं? आम्हांला अडवायला कुठे येतं? उद्या ते आमच्यासमोर कागद सरकवतील आणि आम्ही सही करू. रफूखातं गेलं. यंत्र आलं. बायकांना भरपाई मिळेल, ती चांगली मिळवीन. पण खातं गेलं."

आत्याने घास खाली ठेवला. "सोडणार तू ते?"

"काय करू, सांग? त्या खोलीसाठी संप करायचा? लोक बाहेर येतील, आठवडाभर घोषणा देतील, आणि मग एकेक जण मागच्या दारानं विचारील, 'पुढारी, मिटतंय ना?' मी पाहिलंय हे. मूठभर बायकांसाठी मी सगळ्यांच्या चुली विझवू?"

"आई त्या मूठभरातलीच होती."

"म्हणूनच झोप नाही मला," काका म्हणाले, आणि हे वाक्य त्यांच्या तोंडून इतके अनपेक्षित आले की पाण्याचा तांब्या घेऊन उठलेली पुतणीची आई तशीच उभी राहिली.

धाकट्याला थोरल्याची बाजू घेणे सोयीचे होते आणि मुलीची घेणे स्वाभाविक. त्याने आयुष्यभर केले तेच केले, दोन्ही घेतल्या. "दादाचं बरोबर आहे, यंत्र काही थांबत नाही. आणि ही तरी काय करणार बिचारी? ही सांगेल तसं मिशी थोडंच वागते?"

"बाबा, माझी वकिली तुम्ही नका करू," पुतणी म्हणाली. "हराल."

"आपण जिंकलेलं काही कधी सोडलं नाही," आत्या म्हणाली. "आई काय सांगायची, आठवतं? ते कलम आपण नुसतं संपानं नाही मिळवलं. तिकडून कुणीतरी आपलं म्हणणं मांडलं असणार. आई त्याचं नाव न घेता, नाव माहीतच नव्हतं, त्याला दुवा द्यायची."

"आईचा भाबडेपणा," काका म्हणाले. "तिकडून कुणी काही देत नाही. पिळल्याशिवाय थेंब पडत नाही."

या वाक्यावर त्यांची हयात उभी होती, आणि ते सर्वस्वी खोटे होते असे म्हणता येणार नाही. कामगार आणि मालक यांच्या झगड्याचा वृत्तांत दोन फळ्यांचा वृत्तांत म्हणूनच सांगितला जातो. तसा तो सांगायला सोपा जातो आणि सभेत ऐकायला बरा लागतो. पण ज्या टेबलावर शेवटी सही होते त्याच्या पलीकडच्या खुर्च्यांवर आपसात काय घडले हे अलीकडच्यांना कधीच कळत नाही. काका बापासारखेच आयुष्यभर वाटाघाटींचे जिने चढत आले होते. बंद दारामागे आपल्या बाजूने कुणी भांडत असेल अशी शक्यता त्यांनी हिशेबात धरली नव्हती, आणि धरली असती तर त्यांना इतकी वर्षे उभे राहता आले नसते.

आत्याने ताटावरून पुतणीकडे पाहिले आणि आवाज न करता ओठ हलवले.

"शनिवारी तू काचेकडे तोंड करून उभी होतीस."

पुतणीचा हात थांबला. ही बोली तिला आजीच्या मांडीवर आली होती. "किती वाचलंस?" तिनेही ओठांनीच विचारले.

"तुझं सगळं. मिशीचं काही नाही."

"मग तुला माहीत आहे."

"मला माहीत आहे. अडून बसलं तर खोली राहते. सांगितलं तर तुझ्यावर येतं. म्हणून मी सांगितलं नाही. पण तू आजीचं नाव घेऊन भांडलीस, पोरी. ते मी पाहिलं, एवढं तुला कळावं म्हणून बोलले."

पुतणीचे डोळे भरले आणि ती ताटाकडे पाहू लागली. तेव्हाच आत्याच्या ध्यानात आले की थोरला भाऊ जेवत नाही. काका तरुणपणी मागावरच होते. भावा-बहिणींना, पत्नीला, पोलिसांच्या डोळ्यांसमोर या बोलीत त्यांनी किती निरोप पोचवले होते. ओठबोलीत कुजबुज नसते. जो पाहतो त्याला ती सांगितलेलीच असते. इतक्या वर्षांनी हे विसरण्याइतकी आत्या व्याकूळ झाली होती.

"काय चाललंय तुमचं?" पुतणीची आई तांब्या आपटून म्हणाली. ती गिरणीबाहेरच्या घरातून आलेली, तिला ही बोली कधी जमली नाही. "लोक माझ्या पाठीमागे बोलतील तर मी समजू शकते. तुम्ही माझ्या तोंडासमोर बोलता. मोठ्यानं बोला, मलाही रडायचं असेल तर रडता येईल."

काका उठले, हात धुतले आणि पुसायचे विसरून पुन्हा येऊन बसले.

"तू त्यांच्यासमोर असं बोललीस?" त्यांनी विचारले. दोन वर्षांत प्रथमच ते तिच्याशी बोलत होते. "आजीचं नाव घेऊन?"

"हो."

"नोकरीची भीती नाही वाटली?"

"वाटली ना. म्हणून तर इतकं मोठ्यानं बोलले." तिने डोळे पुसले. "मोठ्यानं म्हणजे, मोठ्या तोंडानं."

*

नंतर वाद झाला, आणि जेवतानाच्या वादात जे एका बाजूला होते ते आता दुसऱ्या बाजूला गेले.

धाकटा म्हणाला, "झालं तर मग. दादा, उद्या तू फक्त अडून बस. कुणी सांगितलं म्हणून नाही, आपल्या मनानं. कुणाला काय कळणार?"

"नको," काका म्हणाले. "पोरीला कळेल. ती त्या बाजूला बसून मला पाहील, आणि तिला कळेल की मी तिचंच वाक्य तिच्याविरुद्ध वापरतोय. माझं धाडस होत नाही."

"मग सोडणार? कळूनसुद्धा?" आत्या म्हणाली. "माझंसुद्धा?"

"तुझं काय?"

आत्याने आपल्या डाव्या कानाकडे बोट केले. काकांनी बहिणीकडे पाहिले, आणि इतकी वर्षे दुसऱ्यांच्या वतीने बोललेल्या त्या माणसाने तिच्या भांड्यात नुसते पाणी ओतले.

"काका," पुतणी म्हणाली, "उद्या सकाळी बैठकीआधी मी त्यांना सांगणार आहे. की खालून माझं बोलणं वाचता येतं, आणि वाचलं गेलं. मग तुम्ही जे मागाल ते उघड मागाल, आणि ते जे देतील ते उघड देतील."

"काढून टाकतील तुला," तिची आई म्हणाली.

"मी तुमच्याकडे फोडलं असं ते नंतर म्हणाले, आणि मला खोटं बोलावं लागलं, तर मी स्वतःच निघून जाईन. त्यापेक्षा हे बरं."

"तू त्यांचं इमान कशाला सांभाळतेस?" धाकटा कळवळून म्हणाला. "ते तुझे कोण?"

"ते माझे कुणी नाहीत, बाबा. पण उद्या त्या खोलीत मी पुन्हा काही बोलले, तर त्यांनी ते खरं धरायला हवं ना? नाहीतर मी तिथे बसून उपयोग काय?"

काका मान हलवीत राहिले. हा युक्तिवाद त्यांना मान्य नव्हता, कारण तो त्यांच्या हयातभरच्या युक्तिवादाच्या मुळावर येत होता. पण त्यात त्यांना एकही भोक सापडत नव्हते. अखेर ते उठले. दाराशी त्यांनी भावजयीला म्हटले, "तुमच्या हातचं जेवण मला कधी गोड लागलं नाही, वहिनी. दोन वर्षं. चूक जेवणाची नव्हती."

"मला ठाऊक होतं, भाऊजी," ती म्हणाली. "म्हणून मी कधी मीठ बदललं नाही."

*

सोमवारी सकाळी माग पूर्ण वेगात होते. आत्याने वर पाहायचे नाही असे ठरवले होते. पण तिच्या शेजारणीने, तिच्या पलीकडच्या रांगेने आणि खिडकीजवळच्या म्हाताऱ्या रफूवालीने, जी कोरे कापड न्यायच्या निमित्ताने खोलीतून इकडे आली होती, असे काही ठरवलेले नव्हते. सारे मागखाते वर पाहत होते. शनिवारी एकीने पाहिले होते ते रविवारी संध्याकाळपर्यंत वस्तीत पसरले होते. काकांनी सांगितले की धाकट्याने, यावर त्या घरात आजही एकमत नाही.

काचेच्या खोलीत पुतणी उभी होती आणि व्यवस्थापक बसले होते. तिचे शब्द खाली स्पष्ट उतरले: "साहेब, मी बोलते ते खालून वाचता येतं. शनिवारी माझ्या आत्यानं वाचलं. काकांना माहीत आहे. मी सांगितलं नाही, पण बोलले मी. आणि आत्ताही त्या वाचतायत."

व्यवस्थापक उठले. काचेजवळ आले. खाली रांगोरांग वर उचललेले चेहरे पाहून त्यांनी घाईने हात उचलला आणि मिशीवर ठेवला. ज्या एका माणसाचे बोलणे आजवर कुणालाही वाचता आले नव्हते त्याने तोंड झाकावे, याला काही तोड नव्हती. बायका हसू लागल्या. मागांच्या गदारोळात त्यांचे हसणे ऐकू येत नव्हते; खांदे तेवढे हलत होते, रांगेमागून रांग. व्यवस्थापक बराच वेळ तसेच उभे राहिले. मग त्यांनी हात खाली घेतला, आणि आत्याने शपथेवर सांगितले असते की मिशीच्या टोकांत काहीतरी हलले. त्यांनी पुतणीला दार दाखवले.

ती सज्ज्याच्या पायऱ्यांवर येऊन बसली. काका आणि इतर प्रतिनिधी तिच्याजवळून वर गेले. काचेमागे आता सगळे पाठमोरे आणि पुटपुटणारे होते, त्यामुळे खाली काही कळत नव्हते. आत्याचा एक माग थांबला. तो तिने चालू केला. दुसरा थांबला.

वर काय झाले ते काकांनी पुढे अनेकदा सांगितले, आणि प्रत्येक वेळी सारखेच सांगितले, जी त्यांच्या बाबतीत दुर्मीळ गोष्ट होती. त्यांनी खुर्चीत बसताच म्हटले की तुमचे उत्तर आम्हांला ठाऊक आहे आणि ते कसे ठाऊक आहे हे तुम्हांला ठाऊक आहे. तेव्हा नाटक नको. व्यवस्थापक म्हणाले की बुधवारपर्यंत तुमचा घाम काढून मग खोली देणार होतो; आता तो श्रम वाचला. यंत्र येईल, पण रफूखाते राहील. यंत्राने हेरलेले दोष त्याच बायका भरतील. पुतणी मात्र यापुढे वाटाघाटींच्या टेबलावर बसणार नाही. तिला भरती-विभागात पाठवले जाईल. काकांनी त्यावर तंटा केला. तो एकच मुद्दा त्यांना जिंकता आला नाही, आणि जी बाजू त्यांनी दोन वर्षे शत्रूची मानली होती तिथली एक खुर्ची रिकामी होऊ नये म्हणून आपण भांडलो, हे त्यांना जिना उतरताना उमगले.

ते अर्ध्या जिन्यावर थांबले. पुतणी खालच्या पायरीवर होती. खाली सगळे मागखाते त्यांच्या तोंडाकडे पाहत होते.

"खोली राहिली," त्यांनी ओठांनी सांगितले. मग आत्याकडे पाहून पुन्हा, अधिक सावकाश: "तुझी जागा राहिली."

आत्याने मान डोलावली. खिडकीजवळच्या म्हाताऱ्या रफूवालीने हातातले कापड चेहऱ्यावर धरले आणि बराच वेळ खाली घेतले नाही.

पुतणी उठून उभी राहिली. "काका, मला टेबलावरून काढलं ना?"

"काढलं. मी भांडलो. हरलो."

"तुम्ही माझ्यासाठी भांडलात?"

"शिकतोय," काका म्हणाले. मग त्यांनी घसा खाकरला, जे ओठबोलीत पूर्णतः निरुपयोगी असते, आणि प्रत्येक अक्षर तोंडभर घडवून म्हटले: "आमच्यासाठी तिकडे कुणीतरी भांडलं. माझ्या आईला ते माहीत होतं, मला नव्हतं. तुझे उपकार आहेत, पोरी. रविवारी माझ्या घरी जेवायला ये."

पुतणीने उत्तर द्यायला ओठ उघडले. तिच्या आधी म्हाताऱ्या रफूवालीने चेहऱ्यावरचे कापड खाली घेऊन ते आमंत्रण वाचले होते.

"किती वाजता यायचं?" म्हातारीने ओठांनी विचारले. तिच्यामागे, रफूखात्याच्या दारात, त्या खोलीतल्या सगळ्या बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या, आणि त्यांचे काकांच्या तोंडाकडे लक्ष होते.

काकांनी त्यांच्याकडे पाहिले, मग पुतणीकडे.

"बाराला," ते म्हणाले. "बसायला आपापलं घेऊन या."